नदीचा डावा काठ

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त आरेखक, मोजणी कार्यालय, आज राजीखुशीने, कोणाच्याही धाकाला किंवा लाडीगोडीला बळी न पडता हे मृत्युपत्र करून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला आमच्या घरच्या डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. दाखला वाचून माझी पत्नी म्हणाली, "डॉक्टर तुम्हाला महिन्यातून दहा मिनिटं बघतात. मला विचारलं असतं तर दाखला दोन पानी झाला असता." तिचे म्हणणे नोंदवून घेतले आहे.

घाई एवढ्यासाठी की पुढल्या पंधरवड्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. सर्जन म्हणतात, काळजीचे काही नाही. ते हे तीन वेळा म्हणाले, म्हणून मृत्युपत्र.

मी सांगतो आहे आणि माझी मुलगी टाईप करते आहे. ती मोटार शिकवण्याचे वर्ग चालवते, त्यामुळे शेजारचा माणूस चुकत असताना शांत बसायची तिला सवय आहे, तरी ती मधूनमधून बोलेल. जे बोलेल तेही उतरवावे असे मी सांगितले आहे. मोजणीच्या कागदावर एकदा लिहिलेले कोणी फाडत नाही. त्यावर एक रेघ मारतात, शेजारी दुरुस्ती लिहितात आणि खाली सही करतात. इथेही तसेच होईल. वकील म्हणाले, असे मृत्युपत्र त्यांनी कधी पाहिलेले नाही. मी म्हणालो, मग पाहून घ्या.

कलम १. राहते घर, मागच्या अंगणासह, माझ्या पश्चात पत्नीचे. स्वयंपाकघरातल्या खिडकीची खिटी बसवायची राहिली आहे, ती मी सतरा वर्षे "येत्या रविवारी" बसवणार होतो. खिटी माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. फ्रीजचा सर्वांत खालचा कप्पा, जो लग्नापासून गांडुळे, कणकेचे गोळे व तत्सम आमिष ठेवण्यासाठी माझ्या ताब्यात होता, तो मी पत्नीस बिनशर्त परत करतो. या कप्प्यावरून तिने जे जे ऐकवले ते सर्व योग्य होते.

कलम २. बँकेतली शिल्लक पत्नीची. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे.

कलम ३. माझे आरेखनाचे सामान मुलीस द्यावे. म्हणजे उतरत्या फळीचे टेबल, दोन कंपास, शाईच्या सात लेखण्या, मोजपट्ट्यांचा संच आणि दाढीचे एक अर्धे पाते. पात्याला हसू नये. शाईने काढलेली रेघ रबराने जात नाही, ती पात्याच्या टोकाने खरवडून काढावी लागते. त्या अर्ध्या पात्याने या भागाचा भूगोल बदलला आहे. कसा, ते कलम ५ मध्ये येईल.

कलम ४. जावयास माझा फोन. त्यातले सगळे आधी पुसून द्यावा.

जावई माणूस सोन्यासारखा आहे. माझ्या मुलीला त्याने कधी दुखावलेले नाही आणि माझा रक्तदाब मोजायला तो न सांगता येतो. पण मी मासा घेऊन घरी आलो की इतर लोक विचारतात, केवढा? हा विचारतो, कुठे? आणि मी गप्प राहिलो की म्हणतो, "बाबा, नुसतं लोकेशन टाका ना ग्रुपवर. नदी काय कुणा एकाची आहे का? दहा लोकांना आनंद मिळेल."

या प्रश्नाचे उत्तर मी त्याला तोंडी कधी दिले नाही, ते इथे देतो. चाळीस वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जागा होती. पाण्यावर एक झाड आडवे पडलेले, झाडाखाली सावली, सावलीत मासे. ती मी एकाच माणसाला सांगितली, आमच्या मुख्य आरेखकाला. माझी रजा अडली होती म्हणून सांगितली, हे कबूल करतो. त्यांनी ती फक्त आपल्या भावाला सांगितली. भावाने फक्त आपल्या साडूला. तेव्हा फोन नव्हते आणि ग्रुप नव्हते, हे काम माणसे तोंडानेच करत आणि काही कमी पडू देत नसत. दीड महिन्यात तिथे बसायला कोपरभर जागा उरली नाही. मग सगळ्यांना नीट बसता यावे म्हणून कोणीतरी ते आडवे झाड कापले. झाड गेले, सावली गेली, मासे गेले आणि शेवटी माणसेही गेली. माझी रजा मंजूर झाली होती, पण ती घालवायला जागा उरली नव्हती.

कलम ५. मिळकतीचे वर्णन.

त्याच रजेत वणवण करताना मला दुसरी जागा सापडली. इथे नदी एकदम झुडपात वळते, थोडी रेंगाळते आणि पुन्हा बाहेर येते. वळणावर पाणी खोल आणि हिरवे आहे. नदीच्या डाव्या काठाला एक सपाट दगड आहे, दोन माणसे शेजारी बसतील एवढा. मी पहिल्या दिवशी तिथे नुसता बसून राहिलो, गळ टाकायचेही सुचले नाही.

पुढच्याच वर्षी त्या भागाचे शीट नव्याने उतरवण्यासाठी माझ्या टेबलावर आले. त्यात ते वळण होते. आधीच्या आरेखकाने फार प्रेमाने काढलेले होते. मी तसेच उतरवले, शाई वाळू दिली, मग खणातून अर्धे पाते काढून ते वळण खरवडले आणि नदी सरळ केली. चार सेंटिमीटरची रेघ. मुख्य आरेखकांनी शीट तपासले आणि खाली सही केली. झाडाचा हिशेब तिथे मिटला असे मला वाटले.

नंतर सहा वर्षांनी त्या नकाशावरून पूल बांधला गेला. तो नकाशाप्रमाणे अगदी बरोबर जागी आहे. खाली जमीन आहे. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी कठड्यावरून वाकून पाहिले आणि यंदा पाणी लवकर आटले असे भाषणात सांगितले. लोक त्याला कोरडा पूल म्हणतात. फोनमधले नकाशेही माझ्याच शिटावरून उतरवलेले असावेत, कारण त्या पुलाखाली मोटार लावली की निळा ठिपका पाण्यात बुडालेला दिसतो. माझी मुलगी नव्या शिकाऊंना तिथे मुद्दाम नेते आणि घाबरू नका असे सांगते.

वकिलांचे म्हणणे असे की जी जागा कागदावर नाही ती मृत्युपत्राने देता येत नाही.

"कागदावर नाही कारण ती मीच काढून टाकली," मी म्हणालो.

"मग पुन्हा घाला."

"निवृत्त झालो."

त्यांनी बराच वेळ पेनाचे टोपण काढले आणि लावले. शेवटी म्हणाले, चतुःसीमा तरी लिहा. त्या अशा : पूर्वेस झुडपे, पश्चिमेस झुडपे, दक्षिणेस पाणी, उत्तरेस दगडावर मी किंवा भिंग, तारखेप्रमाणे.

कलम ६. भिंग.

मोजणी कार्यालयासमोर जिन्याखाली चष्म्याचे दुकान आहे, तिथला चष्मेवाला, यापुढे व याआधीही "भिंग". आरेखकाचे डोळे लवकर जातात, त्यामुळे आमचे सगळे कार्यालय त्याचे गिऱ्हाईक होते. तो मला पट्टी म्हणतो. डोळे तपासायच्या त्याच्या खोलीत अंधार असतो, तो नाकाला नाक लागेल इतक्या जवळ येऊन डोळ्यात बॅटरी मारतो आणि अशा वेळी माणसाला काही लपवता येत नाही. तिथे मी त्याला जागा सांगितली. त्याने बॅटरी बंद केली आणि विचारले, "खोल आहे का?" मी म्हणालो, आहे. त्याने दुकान अर्धा दिवस बंद ठेवले.

त्यानंतर बावीस वर्षे आम्ही त्या दगडावर शेजारी शेजारी बसलो. बोलत फारसे नसू. एवढे चांगले न बोलणे मला दुसऱ्या कोणाबरोबर जमलेले नाही, आणि हे पत्नीला माहीत आहे.

नऊ वर्षांपूर्वी जावयाने मला मासेमारीच्या एका ग्रुपवर घातले. अकरा हजार माणसे. दिवसभर हेच, कुठे लागला, लोकेशन टाका, लोकेशन टाका. मी "कोरडा गळ" असे नाव घेतले, चेहऱ्याच्या जागी स्वयंपाकघरातल्या नळाचा फोटो लावला आणि उपदेश सुरू केला. जागा सांगू नका, पस्तावाल, झाडे कापली जातील. कोणी ऐकेना तेव्हा मी लिहिले की या नदीत आता बेडूकसुद्धा उरलेला नाही, तेव्हा कोणी उगाच हेलपाटे घालू नयेत.

तिसऱ्या दिवशी भिंगाने स्वतःच्या नावाने हातभर माशाचा फोटो टाकला. खाली लिहिले होते : "कोरडा गळ यांनी डोळे तपासून घ्यावेत, दुकान दहाला उघडतं. मासा आहे आणि जागाही सांगतो. कोरड्या पुलाच्या वरच्या अंगाला, डावा काठ, दोनशे पावलं, सपाट दगड."

मी ते चार वेळा वाचले. डावा काठ बरोबर. दोनशे पावले बरोबर. दगड बरोबर. आरेखकाला आयुष्यात इतका अचूक मजकूर क्वचितच वाचायला मिळतो.

मी तसाच दुकानात गेलो. आत एक बाई नाकावर तपासणीची लोखंडी चौकट घालून बसल्या होत्या. मी भिंगाला म्हणालो, "आजपासून तू मला दिसत नाहीस." तो म्हणाला, "पट्टी, आधी ऐकून तर घे." मी ऐकले नाही. बाई म्हणाल्या, "मलाही शेवटची ओळ दिसत नाही." त्या दोघांपैकी कोणाशीही मी पुन्हा बोललो नाही.

जागेची वाटणी पत्नीने केली, इकडून तिकडे निरोप नेऊन. विषम तारखा माझ्या, सम त्याच्या. एकतीस आणि एक लागोपाठ विषम येतात, त्यामुळे वर्षाकाठी काही दिवस मला जादा मिळतात. भिंगाने हरकत घेतली नाही. दगडाखालच्या डब्यात तो माझ्यासाठी मळलेली कणीक ठेवून जातो. नऊ वर्षे मी ती वापरतो आहे, पण आभार न मानता.

गर्दी येणार हे गृहीत धरून मी झुडपाच्या तोंडाशी चार पाट्या लावल्या. "साप आहेत." "पाणी खोल आहे." "अस्वल." आणि "पुढे मोजणी चालू आहे." चौथी सर्वांत परिणामकारक असावी असा माझा अंदाज आहे, कारण नऊ वर्षांत तिकडे एकही माणूस फिरकला नाही. सगळी गर्दी पुलाच्या दुसऱ्या बाजूला गेली. तिथे गाद्यांचा कारखाना आहे आणि कारखान्यामागे आग विझवायच्या पाण्याची सिमेंटची टाकी. त्या टाकीच्या कडेवर माणसे पहाटेपासून गळ टाकून बसतात. सुरुवातीला काहीच लागत नव्हते. मग कारखान्याच्या रखवालदाराला त्यांची दया आली आणि त्याने बाजारातून जिवंत मासे आणून आत सोडले. आता तिथे स्पर्धा होतात. कारखान्याने जुन्या गाद्या बसायला दिल्या आहेत. मध्ये एकदा खरोखरच आग लागली, तेव्हा टाकीतले पाणी घ्यायचे की नाही यावर मतदान झाले. हे सर्व मी पुलावरून येताजाता पाहत आलो आणि माणसाच्या अकलेविषयी माझे मत पक्के करत आलो.

कलम ७. वरील विश्वासघातामुळे भिंग यास माझ्या पश्चात काहीही मिळू नये. अपवाद एकच, माझा जुना चष्मा. त्याचा नंबर त्यानेच काढला होता आणि त्यातूनही मला तो माणूस ओळखता आला नाही. जागेवर त्याने पाऊल ठेवू नये. जागा कोणाला द्यावी हे मला ठरवता येत नाही. जावयाला दिली तर संध्याकाळपर्यंत अकरा हजार जणांना मिळेल. कोणालाच दिली नाही तर ती भिंगाकडेच राहील, आणि तो फुटका आहे. सबब या मृत्युपत्राचे मुख्य काम अजून बाकी आहे.

दुरुस्ती. इथे मुलीने टाईप करणे थांबवले.

"बाबा, कलम पाचमध्ये डावा काठ लिहिलंय. ती तर गादी कारखान्याची बाजू झाली."

"कारखाना उजव्या काठाला आहे."

"पुलावर गेलं की कारखाना डाव्या हाताला येतो. मी रोज जाते तिथून."

"तुझ्या डाव्या हाताला येतो. नदीच्या नाही."

"म्हणजे? डावा कुणाचा?"

"नदीचा. पाणी जिकडे जातं तिकडे तोंड करायचं, मग जो डावा तो डावा काठ. तू गावातून वर येतेस, म्हणजे नदीच्या उलट. तुझा डावा तो तिचा उजवा."

"हे कुणाला माहीत असतं?"

"कुठल्याही आरेखकाला."

"ग्रुपवर आरेखक किती आहेत?"

तिने फोन माझ्यासमोर धरला. पोस्ट अजून तिथेच होती. कोरड्या पुलाच्या वरच्या अंगाला, डावा काठ, दोनशे पावले. मी मनातल्या मनात पुलावर उभा राहिलो, गावातून येणाऱ्या माणसासारखा, आणि डावीकडे वळून दोनशे पावले चाललो. समोर सिमेंटची टाकी आली.

मला खाली बसावे लागले. मी आधीच बसलेलो होतो, म्हणून पाणी प्यायलो. अकरा हजार माणसांत ती जागा बरोबर वाचणारा एकटा मी होतो, आणि मला ती आधीपासून माहीत होती. माझ्या चार पाट्या अकरा हजारांपैकी एकानेही वाचलेल्या नव्हत्या. अस्वलाच्या पाटीवर मी चित्रही काढले होते.

पत्नी दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं, ऐकून घ्या त्यांचं." हे ती कशाबद्दलही म्हणते, पण या वेळी ते खरे होते. तिने भिंगाला फोन लावला. झडपेचे सांगितले, मृत्युपत्राचे सांगितले, साक्षीदार म्हणून सहीला घरी या म्हणाली. तिकडून उत्तर आले, "वहिनी, आज सम तारीख आहे, मी दगडावर आहे. सही हवी असेल तर पट्टीला म्हणावं, इकडे ये."

यापुढील मजकूर सदर दगडावर बसून मी हाताने लिहिला आहे. अक्षर आरेखकाचे असल्याने वाचायला अडचण येऊ नये.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. वकिलांनी झुडपात शिरायला नकार दिला. एक साक्षीदार म्हणून डॉक्टरांना आणले. त्यांना वाट कळू नये म्हणून पुलापाशी त्यांचा चष्मा काढून मी माझ्या खिशात ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना स्वतःचा हात दिसत नाही. मुलीने त्यांना हाताला धरून आणले. वाटेत ते म्हणाले, "दाखल्याबद्दल मला पुन्हा विचार करायला हवा."

भिंग पाठमोरा बसला होता. आमची चाहूल लागूनही वळला नाही, फक्त दगडावर थोडा सरकला. मी शेजारी बसलो. नऊ वर्षांत दगड तेवढाच राहिला आहे, आम्ही दोघे रुंद झालो आहोत.

"झडपेचं खरं का?" त्याने विचारले.

"खरं."

"भीती वाटते?"

"वाटते."

मी विचारले, "पोस्टमध्ये डावा कुणाचा लिहिलास?"

"समोरच्याचा. मी जन्मभर समोरच्याचाच डावा लिहीत आलोय. माझ्यासमोर बसतो त्याचा डावा डोळा माझ्या उजव्या हाताला असतो. इथं नदी वरून येते, माझ्यासमोर. तिचा डावा तो हा."

"लोक चुकतील हे तुला माहीत होतं?"

"पट्टी, डावा म्हटलं की माणूस आपलाच डावा धरतो. समोरच्याचा कुणी धरत नाही. दुकानात दुसरं काय बघत आलोय मी?"

"मग लिहिलंस कशाला?"

"तू हसशील म्हणून. कोरडा गळ तूच होतास ना. तुमच्या स्वयंपाकघरातल्या नळाला तार मी गुंडाळली होती, तो नळ मी ओळखणार नाही? म्हटलं, अकरा हजारांत एकटा हाच नीट वाचेल आणि पोट धरून हसेल." त्याने गळाची दोरी जराशी ओढून पाहिली. "आणि एखादा तरी विचारेल असं वाटलं होतं. काका, डावा म्हणजे कुणाचा? जो विचारेल त्याला घेऊन येणार होतो इथं. आपण दोघं गेलो की या जागेला कोण आहे? नऊ वर्षांत कुणी विचारलं नाही. तूसुद्धा नाही."

त्यावर मी म्हणालो की माझे चुकले. हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकल्याची नोंद मुलीने समासात केली आहे. नऊ वर्षे म्हणजे या दगडावरचे किती दिवस होतात हे मला काढता येते, पण मी काढणार नाही. ते मी घालवले आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

कलम ७ रद्द. त्यावर रेघ मारून सही केली आहे.

कलम ८. कलम ५ मध्ये वर्णन केलेली जागा, वळण, पाणी व दगडासह, माझ्या पश्चात भिंग यास द्यावी. जुना चष्मा देऊ नये.

हे मी मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा डॉक्टर झाडाकडे तोंड करून म्हणाले, "पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. वकिलांनी मला पुलापाशी बजावून सांगितलंय. यांनी सही केली तर यांना दिलेलं रद्द होतं." दुसरा साक्षीदार कुठून आणायचा यावर आम्ही विचार करू लागलो. मुलगी रखवालदाराला बोलवायला निघाली होती. भिंगाने माझ्या हातातले पेन घेतले.

"कुठं करायची सही?"

"भिंगा, सही केलीस तर जागा जाईल."

"जाऊ दे की. तू नसताना हा दगड घेऊन मी काय करू? मला ही जागा ठेवून जायची नाही. आता तुला ती मला देताच येणार नाही. झडप बदलून घे आणि स्वतः येऊन बस."

आणि त्याने सही केली. सबब कलम ८ही रद्द. मोजणीच्या कागदावर मी आयुष्यात इतक्या रेघा मारल्या, त्यातली ही एकच वाकडी आली आहे. ती तशीच ठेवावी.

कलम ९. सदर जागा माझ्या पश्चात मुलीस मिळावी, कारण डावा कुणाचा, हे विचारणारी पहिली व्यक्ती तीच आहे. भिंगाची पोस्ट ग्रुपवरून कोणी कधीही काढू नये. जावयाने ती हवी तितक्यांना पाठवावी, त्यात सगळे खरे लिहिलेले आहे आणि माझी आता हरकत नाही. ती वाचून जो कोणी विचारेल की डावा म्हणजे कुणाचा, त्याला एका वेळी एक असे इथे घेऊन यावे आणि दगडावर बसवावे. येताना त्याचा चष्मा काढून घ्यायची गरज नाही. टाकीवरच्या मंडळींना काही सांगू नये, ती सुखात आहेत. अस्वलाची पाटी राहू द्यावी.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी निष्पादक म्हणून मी पत्नीची नेमणूक करतो. तिचे म्हणणे सर्वांनी ऐकून घ्यावे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन ठिकाणी डोळे पुसून त्यावर सही केली आहे. डॉक्टरांना त्या वेळेपुरता चष्मा परत दिला होता आणि मी सही करताना त्यांनी व भिंगाने पाहिले, व त्यांनी सह्या करताना मी पाहिले.

मृत्युपत्र करणार : (सही) निवृत्त आरेखक, ऊर्फ पट्टी, ऊर्फ कोरडा गळ

साक्षीदार क्रमांक एक : (सही) घरचे डॉक्टर. "पाणी सुंदर आहे. कुठे आहे ते मला माहीत नाही."

साक्षीदार क्रमांक दोन : (सही) चष्मेवाला, ऊर्फ भिंग

ठिकाण : नदीचा डावा काठ

दिनांक : तीस. सम तारीख असल्याने मृत्युपत्र करणार हा साक्षीदार क्रमांक दोनच्या परवानगीने दगडावर बसला होता. उद्या एकतीस आणि परवा एक, दोन्ही विषम, दोन्ही माझ्या. साक्षीदार क्रमांक दोन दोन्ही दिवशी येणार आहे, आणि कणीक या वेळी मी मळून आणायची असे ठरले आहे.